फिरत्या घरातून नातेवाइकांच्या दारी: मराठवाड्यातून कॅम्पर व्हॅनने देशभर जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

आम्ही दोघे परभणीचे, दोघेही निवृत्त. आमच्या यजमानांच्या घराण्याची एक शाखा निजामाच्या काळापासून हैदराबादला नोकरीनिमित्त स्थायिक होती आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला तरी ती तिथेच राहिली. तेथे आत्याबाई आहेत. मुलगा बंगळुरूला, माझी बहीण इंदूरला आणि लेक गुरुग्रामला. रेल्वेने गेलो की प्रत्येक घरी दोन पिशव्या, औषधांचा डबा आणि आमची गुडघेदुखी घेऊन उतरावे लागे, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या घरातली एक खोली आपण अडवून बसलो आहोत ही जाणीव टोचू लागे. म्हणून आम्ही कॅम्पर व्हॅनचा मार्ग धरला. हॉटेलचे पैसे वाचवण्यासाठी कोणी या गाडीचा विचार करत असेल, तर त्याने तो सोडून द्यावा, कारण डिझेल, टोल आणि देखभाल मिळून खर्च तेवढाच होतो. नातेवाइकांच्या दाराशी राहूनही त्यांच्या घरावर भार न होणे, हा मात्र या गाडीचा खरा उपयोग आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या मी त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

१. नकाशा उघडण्यापूर्वी गल्लीची चौकशी करा

गाडी महामार्गावर क्वचितच अडते; ती अडते ती नातेवाइकांच्या घरापासून शेवटच्या दोनशे मीटरमध्ये. त्यामुळे ज्यांच्याकडे जायचे आहे त्या प्रत्येकाला फोन करून पुढील गोष्टी विचारा आणि वहीत लिहून ठेवा: गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असताना मध्ये किती जागा उरते, वाटेत कमान, केबल, विजेच्या लोंबत्या तारा किंवा रेल्वेखालचा भुयारी मार्ग आहे काय, रात्री गाडी सपाट जमिनीवर उभी राहील काय, आणि घराबाहेर विजेचे कोणते सॉकेट आहे. तोंडी उत्तरावर विसंबू नका. “अहो, ट्रक येतो आमच्याकडे” असे प्रत्येक जण सांगतो. व्हिडिओ कॉल लावून त्यांना कोपऱ्यापासून दारापर्यंत चालत यायला सांगा.

स्वतःच्या गाडीची उंची छतावरची सौर तावदाने आणि हवा जाण्याची खिडकी धरून मोजा. आमची गाडी कागदावर नऊ फुटांच्या आत होती. प्रत्यक्षात ती ९ फूट ८ इंच भरली. हा आकडा आता स्टीअरिंगसमोर पांढऱ्या रंगाने लिहिलेला आहे. तो लिहिण्याची बुद्धी मला इंदूरला झाली. बहिणीच्या वसाहतीच्या प्रवेशाशी लोखंडी कमान होती, तिच्यावर स्वागताचा फलक होता, आणि भाचा पुढे उभा राहून हाताने “या, या” म्हणत होता. छतावरून कर्र असा आवाज आला तेव्हा खिडकीचे प्लास्टिकचे झाकण कमानीत अडकून दुमडले होते. तेव्हापासून गाडीच्या उंचीपेक्षा चार इंच जास्त लांबीचा, टोकाला लाल फडके बांधलेला बांबू आमच्या गाडीत असतो. शंका आली की मी उतरते आणि बांबू धरून पुढे चालते. लोक हसतात, हसू द्यावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तळघरातल्या पार्किंगमध्ये ही गाडी जात नाही आणि पाहुण्यांच्या जागेत रात्रभर उभी करू देत नाहीत. सोसायटीच्या सचिवांकडून तारखांसह लेखी परवानगी मुलाने किंवा मुलीने आधीच घ्यावी. फाटकावरच्या रखवालदाराशी रात्री दहा वाजता वाद घालणे कोणाच्याच वयाला शोभत नाही. परवानगी मिळाली नाही, तर गाडी जवळच्या सशुल्क वाहनतळावर ठेवून रिक्षाने घरी जा. बंगळुरूला आम्ही तेच केले.

२. गाडी विकत, भाड्याने की बांधून?

पहिल्या वेळी भाड्याने घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ दिवस राहून पाहिल्याखेरीज पलंगाची लांबी पुरते की नाही, रात्री उठताना डोके कुठे आपटते, हे कळत नाही. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, किंवा स्वतः चालवायला दिलेली असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात भाड्याने देऊ केली, तर घेऊ नका. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. परराज्यात जायचे असल्याने अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे काय, तेही पाहा.

गाडी बांधून घेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. आसने काढून पलंग, ओटा आणि शौचालय बसवणे हा असाच बदल आहे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्था त्यानुसार तपासणी करतात. ज्याच्याकडे मान्यताप्राप्त आराखडा आहे अशाच कारागिराकडे काम द्या, आणि काम सुरू होण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन या. आम्ही ज्या वर्कशॉपकडे गेलो होतो, तेथील मालकाने “आधी गाडी तयार करू, आरसीचं नंतर बघू” असे सांगितले आणि आम्ही मान डोलावली. गाडी दोन महिन्यांत तयार झाली, पण नोंदणी पुस्तकात ती प्रवासी वाहनच राहिली, आणि ती दुरुस्ती करून घेण्यात पुढचे सात महिने व एक अख्खा हिवाळा गेला. शेवटचा हप्ता नोंदणी पुस्तकात कॅम्पर व्हॅन किंवा मोटार कॅरॅव्हॅन असा वर्ग नोंदला गेल्यावरच द्या.

३. कागदपत्रे

डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अॅपवरील कागदपत्रे ग्राह्य धरली जातात. तरीही मोबाइल बंद पडतो म्हणून एक कागदी संच प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा.

- बदल नोंदलेले नोंदणी पुस्तक
- विमा पॉलिसी, ज्यात आतील फर्निचर, बॅटऱ्या आणि सौर तावदाने यांची किंमत स्वतंत्र लिहिलेली आहे
- प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र
- चालवणाऱ्या प्रत्येकाचा परवाना. हलक्या मोटार वाहनाचा परवाना एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतच्या गाडीला पुरतो
- आधार कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि चष्म्याचा नंबर
- नातेवाइकांचे पत्ते व फोन क्रमांक, कागदावर, मोठ्या अक्षरांत

फास्टॅगबाबत एक खुलासा आवश्यक आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झालेला वार्षिक पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्यांसाठी असून तो खासगी कार, जीप व व्हॅन या वर्गापुरता आहे. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी वेगळ्या वर्गात मोजली जात असेल तर तो मिळत नाही. शिवाय तो राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो, त्यामुळे समृद्धी महामार्गाचा टोल निराळा भरावा लागतो. टॅगमध्ये शिल्लक ठेवा. तो चालला नाही, तर यूपीआयने सव्वा पट भरावे लागतात.

परराज्यात मुलाकडे गाडी ठेवून येण्याचा विचार असेल, तर १२ महिन्यांची मर्यादा लक्षात ठेवा. त्यापुढे तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर आणि हिवाळ्यात प्रदूषण वाढल्यावर बीएस-४ या आधीच्या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांवरही निर्बंध येतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात चौकशी करा.

४. मोंढ्यातल्या काट्यावर वजन करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पाण्याची टाकी, डिझेल आणि गॅस भरून, सगळे सामान व माणसे बसवून गाडी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, वजनकाट्यावर न्या. पावतीवरचा आकडा नोंदणी पुस्तकातील कमाल एकूण वजनाच्या किमान १०० किलो आत असावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे १२० लिटरची टाकी म्हणजे दोन धडधाकट माणसे मागे बसल्यासारखे आहे. आमच्या पहिल्या पावतीत फक्त ४० किलोंचे अंतर उरले, आणि तपासले तर दोष माझाच निघाला: लेकीसाठी वीस किलो ज्वारी, आत्याबाईंसाठी येसर आणि काळा मसाला, मुलासाठी शेंगदाणे, शिवाय पितळेचा एक डबा, जो कोणी मागितलाही नव्हता. परतीला तर अवघडच होते. तुम्ही दिले त्याच्या दीडपट नातेवाईक गाडीत भरतात आणि नाही म्हटले तर रुसतात. म्हणून जाताना १०० किलोंची जागा रिकामी ठेवा. ती येताना शेवेने, लोणच्याने आणि साड्यांनी भरते.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला आहे. नक्षी चांगली दिसत असली तरी पाच-सहा वर्षांपुढचा टायर लांबच्या प्रवासाला वापरू नका, कारण उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी जुने होतात. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासा.

५. वीज

१२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी साधारण अडीच युनिट वीज साठवते आणि त्यातील दोन युनिट निर्धास्तपणे वापरता येतात. लहान फ्रिज दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट घेतो. दोन पंखे रात्रभर चालले तर तेवढेच जाते. दिवे आणि मोबाइल किरकोळ. म्हणजे ऊन नसतानाही दीड दिवस निघतो. छतावरची ४०० वॉटची सौर तावदाने हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी दीड युनिटच्या आसपास भर घालतात, मात्र गाडी लिंबाच्या सावलीत उभी केली तर जवळजवळ काहीच नाही. एसी बॅटरीवर चालवण्याचा नाद सोडा. दोन तासांत सगळे संपते.

नातेवाइकांच्या घरातून वीज घेताना विशेष जपा. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १,३८० वॉट घेता येतात. इंडक्शन शेगडी आणि बॅटरी चार्जर एकत्र लावले की ही मर्यादा ओलांडली जाते. जुन्या वाड्यांत अर्थिंग बहुधा नसतेच, म्हणून तपासणीचा तीन दिव्यांचा छोटा प्लग जवळ बाळगा. तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर वापरा आणि ती रिळावरून पूर्ण उलगडा.

हे शेवटचे वाक्य मी फार महाग शिकले. गुरुग्रामला विहीणबाईंच्या जिन्याखालून वायर घेतली, लागली तेवढीच काढली आणि उरलेली रिळावर तशीच राहू दिली. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर जात नाही. रात्री जळकट वास आला म्हणून उठलो, तर रिळाच्या आतले वेढे एकमेकांना चिकटले होते आणि खालच्या पांढऱ्या फरशीवर तपकिरी वर्तुळ उमटले होते. विहीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले. ते वर्तुळ अजून निघालेले नाही.

६. पाणी, स्वयंपाक आणि शौचालय

पिण्याचे पाणी टाकीतून घेऊ नका. त्यासाठी वीस लिटरचा वेगळा जार ठेवा. नातेवाइकांकडे पाणी भरताना नळ कोणत्या वेळी येतो हे आधी विचारा, कारण ज्यांच्याकडे आठवड्यातून एकदाच पाणी येते त्यांच्या दारात शंभर लिटरची टाकी उघडून उभे राहणे आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला तरी शोभत नाही. टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

गॅसची टाकी मोठी न ठेवता ५ किलोंची ठेवा, ती उभी, पट्ट्याने आवळून आणि जमिनीलगत हवा जाण्याची जागा असलेल्या कप्प्यात असावी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद असावा. थंडीत उब यावी म्हणून रात्री शेगडी पेटती ठेवून झोपणे जिवावर बेतते. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. पहिल्या दोन दिवसांचा स्वयंपाक घरूनच करून निघावे.

शौचालयाच्या कॅसेटविषयी, म्हणजे मैला साठणाऱ्या काढत्या टाकीविषयी, कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. ती साधारण २० लिटरची असते आणि दोघांना दोन ते तीन दिवस पुरते. ती सार्वजनिक शौचालयात, तेथील माणसाला सांगून, रिकामी करावी. नातेवाइकांच्या शौचालयात करायची वेळ आली, तर विचारून, पहाटे करा आणि नंतर स्वतः धुऊन घ्या. फॉर्मल्डिहाइड असलेले निळे रसायन वापरत असाल, तर सेप्टिक टँक असलेल्या घरात कॅसेट रिती करू नका. त्या रसायनाने टाकीतले उपयोगी जिवाणू मरतात आणि तुम्ही गेल्यानंतर त्यांच्या घरात दुर्गंधी सुटते. शेतात, नाल्यात किंवा नदीकाठी तर मुळीच नाही.

७. रस्ता, हंगाम आणि वाटेतला मुक्काम

दिवाळी झाली की निघा आणि दक्षिण आधी करा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत दाट धुके असते, म्हणून ती बाजू फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, सोडून जाणे जड जाईल, त्यांनी ती करून निघावे. आम्ही इंदूरला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला थांबलो आणि परतीच्या वाटेवर उन्हाने भाजून निघालो.

हैदराबादसाठी नांदेड, देगलूर, संगारेड्डी असा राष्ट्रीय महामार्ग १६१ सोयीचा आहे. पुढे बंगळुरूला कर्नूल-अनंतपूरमार्गे ४४ क्रमांकाचा. लातूर-धाराशिवकडून नळदुर्ग-उमरग्यावरून ६५ क्रमांक पकडता येतो. उत्तरेला छत्रपती संभाजीनगर, कन्नड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर हा ५२ क्रमांकाचा एकच धागा आहे. त्यात कन्नड-चाळीसगावमधला औट्रम घाट येतो, तेथील स्थिती आणि निर्बंध त्या दिवशी विचारून घ्या. मैसूरहून उटीकडे जाणार असाल, तर बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो आणि उटीसाठी ई-पास काढावा लागतो.

दिवसाला २५० ते ३०० किलोमीटर पुरेत आणि सूर्यास्तापूर्वी गाडी उभी असावी. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मर्यादा आहे म्हणून ती गाठायची नसते; उंच गाडीला बाजूचा वारा ढकलतो आणि सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतात. आम्ही ७० च्या वर जात नाही.

मुक्कामासाठी मोठे पेट्रोल पंप, रस्त्यालगतची कुटुंबांची वर्दळ असलेली ढाबे-हॉटेले, देवस्थानांची वाहनतळे आणि गुरुद्वारे बरी. विचारल्याशिवाय कोठेही थांबू नका, आणि महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर तर पाच मिनिटेही झोपू नका. मागून येणाऱ्या ट्रकला उभी गाडी दिसत नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ आणि इतरत्र ११२ हे क्रमांक लावावेत.

सोबत ठेवायची अवजारे: गाडीच्या वजनाला पेलणारा जॅक, चाकामागे लावायचे चार लाकडी ठोकळे, हवा भरण्याचा पंप, जंप केबल, फ्यूज, त्रिकोणी परावर्तक, अग्निशामक, वीस मीटर पाण्याची नळी आणि तो बांबू.

८. दारात उभी गाडी आणि घरातले मन

गाडी लावून झाली की खरी परीक्षा सुरू होते. “घर असताना गाडीत झोपता? शेजारचे काय म्हणतील?” हा प्रश्न हैदराबादला आत्याबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारला आणि त्या संध्याकाळी त्या आमच्याशी नीट बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून गाडीत आणले, पलंगावर बसवले आणि आतल्या शेगडीवर चहा करून दिला. कप हातात घेऊन त्यांनी कप्पे उघडून पाहिले, पडदा ओढून पाहिला, आणि “म्हणजे तुम्ही घरच घेऊन आलात की,” असे म्हणून दुपारी तिथेच आडव्या झाल्या. तेव्हापासून प्रत्येक घरी आम्ही पहिला चहा गाडीत पाजतो.

फोनवरच, निघण्यापूर्वी, कारण सांगून ठेवा: रात्री दोनदा उठावे लागते, औषधे हाताशी लागतात, कंबरेला याच गादीची सवय झाली आहे. तब्येतीचे कारण कोणालाही लागत नाही. पहिली रात्र मात्र घरात झोपा, मग कितीही गैरसोय होवो. दोन्ही वेळचे जेवण त्यांच्याबरोबरच करा. गाडीत वेगळा स्वयंपाक केलात तर तो अपमानच समजला जाईल. सकाळचा चहा आणि अंघोळ गाडीत उरकली की घरातल्या सुनेचा सगळ्यात गर्दीचा तास मोकळा राहतो, आणि ही एक गोष्ट तुमच्या जाण्यानंतरही तिच्या लक्षात राहते. विजेचे पैसे देऊ नका, कोणी घेणार नाही; निघताना मुलांच्या हातात काहीतरी ठेवा.

तारीख सांगताना “बुधवार किंवा गुरुवार” अशी सांगा. ठरलेल्या वेळी पोहोचलो नाही म्हणून इंदूरला पुरणपोळ्या दोनदा झाल्या होत्या. आणि कितीही आग्रह झाला, तरी चौथ्या दिवशी सकाळी गाडी हलवा.

९. परत आल्यावर

घरी पोहोचलेल्या दिवशी थकवा असतो, तरी चार कामे त्याच संध्याकाळी उरका. पाण्याच्या दोन्ही टाक्या रित्या करून झाकणे उघडी ठेवा, फ्रिजचे दार फटीने उघडे ठेवा, गॅसची टाकी उतरवून घ्या आणि बॅटरीचा मुख्य खटका बंद करा. धान्याचा एक दाणाही आत राहू देऊ नका. लेकीसाठी नेलेल्या ज्वारीतली मूठभर पलंगाखाली सांडली होती; तीन आठवड्यांनी गाडी उघडली तेव्हा उंदरांनी दाणे तर संपवलेच होते, वर मागच्या दिव्याच्या वायरीही कुरतडल्या होत्या. आता महिन्यातून दोनदा मी गाडी सुरू करून वीस मिनिटे फिरवून आणते, बहुधा वसमत रस्त्याने, आणि परतताना मोंढ्यातल्या काट्यावरचा माणूस विचारतो, “आता कुणाकडं, बाई?”